साठ्याची उतरंड

चाकणला सकाळी सहाच्या सुमारास मोठ्या कारखान्यांच्या फाटकांबाहेर टेम्पोंची रांग लागते. कुणात प्रेसवर काढलेले पत्र्याचे भाग, कुणात रबराचे, कुणात सीटचा फोम. ड्रायव्हर केबिनमध्ये पाय वर करून झोपलेला, क्लीनर चहाच्या गाडीवर. आत घ्यायची वेळ ठरलेली असते. अर्धा तास आधी आलं तर आत घेत नाहीत, पाच मिनिटं उशीर झाला की फोन वाजायला लागतात. आत शॉपमध्ये एक फलक असतो, पाहुण्यांना आवर्जून दाखवला जातो : अमुक भागाचा साठा, दोन तास. पाहुणे माना डोलावतात.

त्या फलकाखाली उभं राहून मीही बरीच वर्षं लोकांना माना डोलवायला लावल्या. उत्पादन नियोजन, कारखान्याच्या भाषेत पीपीसी, हे माझं खातं. कुठला माल किती आणि कधी मागवायचा, किती नगांचा लॉट लावायचा हे ठरवायचं, आणि साठ्याचा आकडा दर महिन्याला खाली आणून दाखवायचा. तो मी आणला. त्यावर बढत्या घेतल्या, एकदा व्यासपीठावर शालही घेतली. आज कबूल करतो की साठा मी कमी केलाच नव्हता. फाटकाबाहेर ढकलला होता. ज्याच्या शेडमध्ये तो जाऊन पडला, त्याला नाही म्हणायची सोय नव्हती.

या शास्त्राचं मूळ मोठं सज्जन आहे. १९१३ साली फोर्ड व्हिटमन हॅरिस या अमेरिकन इंजिनिअरने 'फॅक्टरी' नावाच्या मासिकात एक छोटासा लेख लिहिला. (मोटारवाल्या फोर्डशी याचा काही संबंध नाही. कॉलेजचं तोंड न पाहिलेला हा गृहस्थ पुढे पेटंटचा वकील झाला.) त्याचा प्रश्न साधा होता : एका वेळी किती नग बनवावेत? मशीनवर साचा चढवायला, सेटिंग करायला वेळ आणि पैसा जातो, तेव्हा एकदा चढवला की भरपूर नग काढून घ्यावेत असं वाटतं. पण काढलेले नग पडून राहिले की भांडवल अडकतं, जागा अडते, गंज चढतो. एक खर्च लॉट वाढवला की घटतो, दुसरा वाढतो. दोन्ही जिथे समसमान होतात तो लॉट सगळ्यांत स्वस्त. त्यासाठी त्याने वर्गमुळाचं एक सूत्र दिलं. शंभर वर्षं उलटली तरी इंजिनिअरिंगच्या आणि मॅनेजमेंटच्या पोरांना ते पाठ करावं लागतं.

आता भोसरीतल्या एका प्रेसशॉपला हे सूत्र लावून पाहू. समजा एका ब्रॅकेटची वर्षाची गरज २४,००० नग आहे. डाय बदलून सेटिंग करायला दर वेळी १,५०० रुपये लागतात आणि एक नग वर्षभर सांभाळायला २ रुपये. हॅरिसचं सूत्र म्हणतं, ६,००० चा लॉट लावा. वर्षात चारदा डाय चढेल. त्याचे ६,००० रुपये आणि साठा सांभाळायचेही ६,०००. पण मोठ्या कारखान्याला ६,००० नग नको असतात. त्याला रोजचे ८० हवेत, तेही सकाळी सव्वासहाला, त्याच्या निळ्या बिनमध्ये, त्याच्या लेबलासकट. प्रेसशॉपवाल्याने रोज ८० साठी डाय चढवायची ठरवली, तर तीनशे सेटिंगचे साडेचार लाख होतात. म्हणून तो मुकाट्याने ६,००० काढतो, ८० पाठवतो आणि उरलेले पत्र्याच्या शेडमध्ये रचून ठेवतो. पंच्याहत्तर दिवसांचा माल त्याच्या उरावर, आणि माझ्या फलकावर लिहिलेलं : दोन तास.

हॅरिसच्या सूत्रात दोन्ही खर्च एकाच वहीत लिहायचे होते. ज्याने लॉट ठरवायचा त्यानेच त्याचं ओझं वाहायचं, हे त्याने वेगळं लिहिलंही नाही. त्याला ते गृहीतच होतं. आम्ही ती वही मधोमध फाडली. ठरवायचं पान आमच्याकडे ठेवलं, भोगायचं पान समोरच्याच्या हातात दिलं. त्यानंतर आमच्या बाजूला जे गणित उरलं ते सोपं होतं. साठा सांभाळायचा खर्च आमचा नाही, सेटिंगचा खर्च आमचा नाही, मग मागणी कितीही लहान करता येते आणि कितीही वेळा बदलता येते. संगणक आल्यावर तर ती बदलायला हातही दुखत नाही. १९७० च्या दशकात जोसेफ ऑर्लिकीने मटेरियल रिक्वायरमेंट प्लॅनिंगचं तंत्र पुस्तकात बांधलं. गाडी कधी जोडायची ते ठरलं की तिच्या प्रत्येक नटबोल्टची तारीख उलटी मोजत काढायची. तंत्र उत्तमच आहे. पण वरचा एक आकडा हलला की खालचे हजार हलतात, आणि वरचा आकडा हलवणाऱ्याला खालच्या हजारातला एकही माणूस दिसत नाही. पडद्यावर दोनच शब्द येतात, 'पुल-इन' आणि 'पुश-आउट'. माल अलीकडे ओढा, माल पलीकडे ढकला. मी दिवसाला असे शेकडो ओढले-ढकलले असतील. तिकडून नेहमी एकच उत्तर यायचं, "करतो साहेब."

हे सगळं आम्ही टोयोटाच्या नावावर खपवलं. त्या नावाने आपल्याकडे इतकी पापं धुतली गेली आहेत की जरा थांबून पाहायला हवं. ताइइची ओनो यांनी टोयोटात उभी केलेली पद्धत तीन शब्दांवर उभी आहे : मुदा म्हणजे वाया जाणं, मुरा म्हणजे चढउतार, मुरी म्हणजे माणसावर आणि मशीनवर झेपेल त्याहून जास्त भार. आम्ही परिषदांमधून आणि प्रशिक्षणांमधून मुदा तेवढा घरी आणला. तोही कशाचा, तर आमच्या वहीतल्या साठ्याचा. मुरा आणि मुरी हे शब्द माझ्या पंचवीस वर्षांच्या नोकरीत कुठल्याही बैठकीत कुणी गंभीरपणे उच्चारलेले मला आठवत नाहीत. ओनोंचा आग्रह होता की रोजचं उत्पादन आधी सपाट करा, आज शंभर आणि उद्या चारशे असं करू नका, आणि मग कानबानचं, म्हणजे माल मागवायचं, कार्ड लावा. कार्ड लावणं सोपं, म्हणून आम्ही कार्ड लावलं.

सेटिंगची वेळ हा दुसरा भाग. १९६९-७० च्या सुमारास शिगेओ शिंगो यांनी टोयोटातल्या हजार टनी प्रेसची डाय बदलायची वेळ चार तासांवरून दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आणली. लहान लॉटचं रहस्य ते एवढंच. सूत्रातला सेटिंगचा खर्च पंचविसाव्या भागावर आणा, लॉट आपोआप पाचव्या भागावर येतो, ६,००० चे १,२०० होतात, आणि कुणाच्या उरावर काही रचावं लागत नाही. पण त्यासाठी कुणाला तरी त्या प्रेसपाशी जाऊन बसावं लागतं. डायची उंची एकसारखी करावी लागते, क्लॅम्प बदलावे लागतात, सेटरला शिकवावं लागतं. पैसे लागतात. मोठ्या कारखान्यांतून पुरवठादाराकडे जाणारी पथकं मी पाहिली आहेत, काही मनापासून कामही करतात. पण मी स्वतः भोसरीला वर्षातून जेवढ्या वेळा गेलो, त्यातल्या बहुतेक वेळा गेलो ते माल का आला नाही म्हणून ओरडायला.

जपान म्हणजे देवघर असंही नव्हे. सातोशी कामाता या पत्रकाराने टोयोटात हंगामी कामगार म्हणून राबून १९७३ साली जे पुस्तक लिहिलं, ते त्या कारखान्याचं स्तुतिपर स्तोत्र नाही. आणि लहान पुरवठादाराचे पैसे वेळेवर चुकते करा असा कायदा त्या देशाला १९५६ सालीच करावा लागला, म्हणजे बडे तिथेही हात आखडतच होते. पण १ फेब्रुवारी १९९७ ला ऐसिन कंपनीच्या कारिया इथल्या कारखान्याला आग लागली, ब्रेकची एक झडप मिळेना आणि टोयोटाचे जपानमधले जवळपास सगळे कारखाने बंद पडले, तेव्हा किती पैसे मिळणार हे ठरायच्या आधीच कितीतरी पुरवठादार ती झडप बनवायला बसले. काही दिवसांत गाड्या पुन्हा सुरू झाल्या. उद्या चाकणला अशी आग लागली, तर आपल्यासाठी फुकट रात्र जागेल असा एक तरी पुरवठादार आपण राखला आहे का? मी तर नाही राखला.

हे आम्ही इतक्या सहज का केलं, याचं उत्तर मला मॅनेजमेंटच्या पुस्तकात सापडलं नाही. ते त्रिंबक नारायण आत्र्यांच्या १९१५ सालच्या 'गावगाडा'त सापडलं. बलुतेदार वर्षभर राबणार, सुताराने नांगर दुरुस्त करायचा, लोहाराने फाळ पाजवायचा, आणि मोबदला मिळणार तो सुगीनंतर, खळ्यावर, धान्यात. किती मिळणार ते पिकावर आणि कुळाच्या मर्जीवर. बलुतेदारांच्या थोरली, मधली आणि धाकटी अशा ओळी होत्या, ओळीप्रमाणे वाटा कमीजास्त. महार-मांगांचं काम शेतीला इतकं निकडीचं की बऱ्याच गावांत हिशेबाला त्यांची गणना थोरल्या ओळीत, राहायला मात्र वेशीबाहेर. आमच्याकडेही पुरवठादारांच्या टियर एक, टियर दोन, टियर तीन अशा ओळी आहेत. अलीकडे पुरवठादाराला व्हेंडर म्हणायचं नाही, 'पार्टनर' म्हणायचं असा फतवा निघाला होता. पार्टनरचा टेम्पो अजून वेशीबाहेरच उभा असतो.

आणि खळंही तसंच आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याने सांगितलं की लहान उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्या, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज द्या. दाद मागायला परिषद आहे, ऑनलाइन तक्रारीची सोयही आहे. कागदावर याहून कडक कायदा शोधून सापडणार नाही. पण परिषदेकडे गेलेल्या माणसाला पुढच्या मॉडेलचं कोटेशन कोण मागणार? गावात पाटलावर फिर्याद करून कुणी सुखाने राहिलं आहे का? शेवटी प्राप्तिकराच्या कायद्यात ४३ बी कलमाला एक पोटकलम जोडून १ एप्रिल २०२४ पासून सरकारने दुसरी मात्रा दिली : लहान उद्योगाचे पैसे मुदतीत न देता थकवले, तर तो खर्च त्या वर्षी वजा धरता येणार नाही. कर वाचवण्यासाठी तरी देतील, हा हिशेब. त्यानंतर एका खरेदी अधिकाऱ्याला मी स्वतःच्या कानांनी बोलताना ऐकलं, "मग तुमचं उद्यम रजिस्ट्रेशनच रद्द करून टाका ना, दोघांनाही मोकळं." समोरचा माणूस हसला. हसण्याशिवाय काय करणार? त्याची बँकेतली सीसी लिमिट, म्हणजे उचलीची मर्यादा, संपलेली होती. आमच्या साठ्यावर व्याज तो भरत होता, त्या साठ्याचे पैसे आम्ही थकवले होते, आणि दर वर्षी किमतीत दोन-तीन टक्के कपात द्या असं पत्रही आमचंच.

कोल्हापूरच्या फौंड्रीवाल्यांचं दुखणं थोडं वेगळं, तिथे लॉट लहान करताच येत नाही. भट्टी एकदा पेटली की अख्खी हीट ओतावीच लागते. लोखंड ऐंशी नगांपुरतं वितळत नाही. वर्षानुवर्षं रात्रीची वीज स्वस्त होती, म्हणून ओतकाम रात्री व्हायचं. शिरोलीच्या मोल्डरची झोप वीजदराच्या तक्त्यात ठरायची.

हे सगळं कारखानदारांवर लोटून तुम्ही पेपरची घडी घालून ठेवाल, म्हणून आता तुमच्याकडे वळतो. चढउतार, तो मुरा, सुरू कुठे होतो? पितृपंधरवड्यात गाडीला हात लावायचा नाही, आणि दसऱ्याला सकाळी अकराच्या आत गाडी दारात हवी. अमावास्येला ताबा नको, पाडव्याला मात्र शोरूमबाहेर पेढ्यांचे पुडे आणि हारांचा खच. एका दिवसात अख्ख्या महाराष्ट्राला गाडी हवी असते. त्यासाठी वितरकांकडे माल आधी पोचवायचा, म्हणून गणपतीच्या आधीपासून शेड्यूल फुगायला लागतं आणि दिवाळी सरली की कोसळतं. तुम्ही तबकात ठेवलेलं ते कुंकू-अक्षतांचं निमित्त टियर तीनच्या शेडमध्ये दोन पाळ्यांचं ओव्हरटाइम होऊन पोचतं, आणि कार्तिकात 'उद्यापासून येऊ नको' होऊन. ग्रह-नक्षत्रांनी तुमच्या स्कूटरचं काय भलं केलं ते तुम्हीच सांगा. एका हेल्परचं काय झालं ते मी सांगू शकतो. गेट पास रद्द झालेला मुलगा वसतिगृहवजा खोलीतून वळकटी घेऊन परभणीच्या एसटीत बसला. त्या महिन्याचा लॉट संपला होता.

लॉट हा शब्द मी मुद्दाम वापरतो. आम्ही माणसांचेही लॉट लावले. वर्षात २४० दिवस भरले की सलग सेवा धरावी, असं १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा म्हणायचा. म्हणून सात महिन्यांत 'ब्रेक'. ठेकेदाराकडून आजचे तीस, उद्याचे पन्नास, परवा शून्य. माणसांचा साठा ठेवायचा नाही, लागतील तेवढी सकाळी सव्वासहाला फाटकावर हजर पाहिजेत. १९७० चा कंत्राटी कामगारांचा कायदा नेमका हे रोखायला झाला होता, असं नव्या पोरांना सांगितलं तर ती माझ्याकडे गंमत वाटून पाहतात.

महिनाअखेर हा आमचा आणखी एक सण. विक्रीचं लक्ष्य गाठायचं म्हणून महिन्याचा निम्मा माल शेवटच्या आठवड्यात. शनिवारी संध्याकाळी मी 'पुल-इन' दाबायचो आणि रविवारी शंभर प्रेस चालायच्या. ज्या रविवारच्या सुट्टीसाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या, अर्ज केले, आणि १८९० साली मालकांकडून ती मिळवली, ती सुट्टी मी एका बटणाने परत घ्यायचो. मला त्यांचं नावही तेव्हा धड माहीत नव्हतं. मराठी मध्यमवर्गातल्या शिकल्यासवरल्या इंजिनिअरला ते ठाऊक नसणं हा काही योगायोग नाही. आमच्या अभ्यासक्रमात हॅरिस होता, लोखंडे नव्हते.

घाईत डाय बदलताना काय होतं हेही सांगितलं पाहिजे. हाताला अटकाव करणारा सेन्सर बंद करून ठेवलेला असतो, कारण तो प्रेस थांबवतो आणि आज थांबायला वेळ नाही. 'सेफ इन इंडिया' या संस्थेने हरियाणातल्या गुडगाव-मानेसर पट्ट्यापासून सुरुवात करून वाहन उद्योगातल्या अपघातांचे 'क्रश्ड' नावाचे अहवाल २०१९ पासून काढले. पॉवर प्रेसखाली बोटं गमावणारी माणसं त्यात भरलेली आहेत, बहुतेक परगावची, बहुतेक कंत्राटी, आणि बहुतेक अशा छोट्या शेडमधली जिथे आमचा फलक कधी पोचत नाही. उतरंडीत सगळ्या मडक्यांचं वजन शेवटी तळच्या मडक्यावर येतं. वरचं मडकं रिकामं आणि लखलखीत ठेवायचं असेल तर खालच्यात जास्त भरावं लागतं. आमच्या आजीला हे कळत होतं. ती वर्षाची बेगमी स्वतःच्या घरात, स्वतःच्या पैशाने भरायची, शेजारणीच्या कोठीत नव्हे.

निवृत्त झाल्यावर एकदा भोसरीतल्या त्या प्रेसशॉपवाल्याकडे गेलो. त्याने खुर्ची पुसून दिली, चहा मागवला, अजूनही साहेबच म्हणाला. शेडच्या मागच्या भिंतीला पंधरा-वीस बिन रचलेले होते, वर तेलकट प्लास्टिक. सायलेन्सरचे ब्रॅकेट. बीएस-४ इंजिनाचे. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचं बीएस-६ मानक लागू झालं, त्याच्या आदल्याच आठवड्यात टाळेबंदी लागली, आणि हा लॉट कायमचा पडून राहिला. आमच्याकडून कुणी तो उचलला नाही. शेड्यूल हे फक्त अंदाजासाठी असतं, त्याला खरेदी समजू नये, असं त्या कागदाच्या तळाला बारीक अक्षरात छापलेलं असतं. ते वाक्य मीच घालून घेतलं होतं. त्याने फाइल काढून कागद दाखवला, खाली माझी सही. "तुमचा आकडा होता साहेब, म्हणून ठेवला इतके दिवस," तो म्हणाला. आवाजात तक्रार नव्हती, आणि मला ती असायला हवी होती.

तेवढ्यात भंगारवाल्याचा 'छोटा हत्ती' टेम्पो आला. बिन एकेक करून काट्यावर चढले. भंगारवाल्याने वजन लिहिलं, कानामागची पेन्सिल परत कानामागे खोचली आणि पाचशेच्या नोटा मोजून त्याच्या हातावर ठेवल्या. त्या मालाचे पैसे त्याच दिवशी, रोख मिळताना मी पहिल्यांदा पाहत होतो.